शिक्क्याचा फरा

अख्खी गल्ली तिला एकघावी म्हणायची. नळीचं हाड असो की मानेचा मणका, सत्तूर दुसऱ्यांदा उचलावा लागला तर तिला तो स्वतःचा अपमान वाटायचा. घाव बसला की रस्त्यापलीकडच्या शिंप्याची टीप वाकडी जायची. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, तासाभरात चार वेळा आत जाऊन आलात. माल कापता की लपंडाव खेळता?" तिने हातातला बोकडाचा पाय तसाच भिरकावला. गिऱ्हाइकाचा पुढचा दात मटण तोडायच्या ओंडक्याखाली जाऊन पडला. तिने तो शोधला, पुसला, कागदात बांधला आणि त्याच्या अर्ध्या किलोसोबत पिशवीत टाकून दिला. ते गिऱ्हाईक अजून येतं. आता हसत नाही, एवढंच.

हे दुकान आधी नवऱ्याचं होतं. हाड सोडवताना सुरी घसरली आणि त्याच्याच मांडीत गेली. फडकं आवळेपर्यंत माणूस रिकामा झाला. त्याचं रक्त त्याच ओंडक्यात मुरलं, आणि तेराव्या दिवसानंतर ती त्याच ओंडक्यापुढे उभी राहिली. रडली असेल तर आत, संडासात. तिथे तिला तसंही वारंवार जावं लागायचं.

कारण पोटाच्या तळाशी तिचा स्वतःचा एक खाटीक बसलेला होता. मूत्राशय जरा भरलं की तो धार लावायला घ्यायचा. रिकामं केलं की घटकाभर गप्प, की पुन्हा खरखर सुरू. वाईट दिवशी चाळीस खेपा. दुकानामागचा संडास चौदा पावलांवर होता आणि ती चौदा पावलं तिने अकरा वर्षांत इतक्यांदा टाकली होती की फरशीला वाट पडली होती. पहिली चार वर्षं डॉक्टर जंतू मारत राहिले. तपासणीत जंतू एकदाही सापडला नाही. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी आत दुर्बीण घालून बघितलं आणि म्हणाल्या, "आतलं अस्तर सोललंय तुझं. हा आजार जायचा नाही. ह्याच्याशी नांदायला शिक."

"नवऱ्याच्या वेळी आईनं हेच सांगितलं होतं," ती म्हणाली.

नांदताना माणूस काय काय गिळतं त्याला सुमार नाही. क्रॅनबेरी नावाच्या आंबट फळाच्या गोळीने लघवीचे आजार जातात, असं गल्लीतली प्रत्येक बाई छातीवर हात ठेवून सांगायची. तिने घेतली. तीन दिवस सुरीची लाकडी मूठ दातात धरून काढले. त्या मुठीवर दातांचे खळगे अजून दिसतात. मग कोणी पाण्यात फसफसणारी ताकदीची गोळी दिली. त्या गोळीने तर तिला उभीची आडवी केली. डॉक्टरीणबाई भडकल्या. "अगं, ते जंतूंसाठी सांगतात, तुला जंतू आहेत कुठे? तुझ्या आजाराला आंबट म्हणजे उघड्या जखमेवर मीठ. आणि असल्या डब्यांतल्या गोळ्या कोणी तुझ्यासाठी तपासून ठेवलेल्या नसतात. जे घ्यायचं ते आधी मला दाखव."

त्या दिवसापासून तिने गोळ्या बोकडासारख्या निवडायला घेतल्या. बाजारात ती मालकाच्या तोंडाकडे बघायचीच नाही. दात बघायची, पापणी उलटायची, शेपटीखाली बघायची. डब्याचंही तसंच. पुढच्या बाजूची हसरी बाई आणि हिरवी पानं तिने कधी वाचली नाहीत. डबा फिरवून भिंगाने मागची बारीक अक्षरं वाचायची. आत काय आहे, प्रत्येक वस्तू किती वजनाची आहे, वर चव आणायला काय टाकलंय. सायट्रिक ॲसिड दिसलं, संत्र्याचा स्वाद दिसला, बनावट साखर दिसली, की डबा दुकानदाराच्या अंगावर. 'खास मिश्रण' एवढंच लिहून वजनं लपवलेली असली, तर ती म्हणायची, "हा खिमा आहे. दुसऱ्यानं केलेला खिमा मी घेत नाही. त्यात काय दळलंय ते दळणाऱ्यालाच ठाऊक."

शेवटची गोष्ट शिक्का. कापलेलं जनावर तपासून जनावरांचा डॉक्टर त्याच्या फऱ्यावर, म्हणजे मांडीवर, जांभळा शिक्का मारतो, तसं बनवणाऱ्याखेरीज बाहेरच्या कोण्या प्रयोगशाळेने ही बाटली तपासली आहे का, ते ती बघायची. नसेल तर नाही.

आणि एका वेळी एकच. नवी गोळी सुरू केली की एकवीस दिवस दुसरं काही नवीन तोंडात घालायचं नाही. रोज दुकान बंद करताना ओंडक्याच्या कडेला सुरीने खाच पाडायची. बरा दिवस गेला तर नखाएवढी, वाईट गेला तर बोटभर खोल. एकवीस खाचांवरून हात फिरवला की डोळे मिटूनही कळायचं. सात गोळ्या तिने अशा पारखल्या. पाच सत्तुराखाली गेल्या. दोन उरल्या. जेवणातला आंबटपणा मारणारी कॅल्शियमची एक, आणि झोंबणारा चीक काढून टाकलेल्या कोरफडीची कॅप्सूल. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बघून मान डोलावली. "सगळ्यांना लागू पडत नाही. तुला पडतंय तर घे." आजार बरा झाला नाही. पण चाळीस खेपांच्या बारा झाल्या, आणि बारा खेपांत माणूस दुकान चालवू शकतं.

बाटली सुरू केली की ती सुरीच्या टोकाने बुडावर तारीख कोरायची. संपली की मागच्या पेटीत टाकायची.

एका गिरणीच्या उपाहारगृहाला रोजचा माल हवा होता. तिथला व्यवस्थापक स्वतः येऊन कापणी बघणार होता. पहाटे पाच ते अकरा, सहा तास सलग. दुकान अजून सासूच्या नावावर होतं. सासू सुकलेल्या शेंगेसारखी बाई, बोलायची कमी, पण बोलली की पुन्हा बोलावं लागायचं नाही. तिने सून आणि धाकटा मुलगा दोघांना समोर बसवलं.

"त्या दिवशी जो ओंडक्यापुढं उभा राहील, दुकान त्याचं. ही उभी राहिली नाही तर ह्यानं राहायचं, आणि हिनं घरी बसायचं. मुतायला वेळच वेळ मिळेल."

दीर हसला. ती हसली नाही.

दिराला कापणीत रस नव्हता. त्याची मोटारसायकल होती, कंगवा होता आणि बाजूचा एक धंदा होता. व्यायामशाळेत आणि घरोघरी तो ताकदीच्या गोळ्या विकायचा. तिची कॅप्सूल संपत आली तेव्हा तो आपण होऊन म्हणाला, "वहिनी, तू कुठं एवढ्या लांब जातेस. मी येताना आणतो." आणली. वरचं चकचकीत सील तिने नखाने तपासलं. मागची बारीक अक्षरं वाचली. शिक्का होता. तीच कंपनी, तोच रंग. गिरणीच्या धांदलीत बुडावर तारीख कोरायची तेवढी राहून गेली. घ्यायला लागली.

तिसऱ्या दिवशी पोटातला खाटीक जागा झाला. पाचव्या दिवशी अठ्ठावीस खेपा. नवव्या दिवशी ती संडासाच्या दाराची कडी दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि कडीचा एक स्क्रू निखळून तिच्या मुठीत आला. तिने दोष दिला तो धास्तीला, झोपेला, स्वतःच्या नशिबाला. बाटलीला दिला नाही. तिच्यावर शिक्का होता ना.

गिरणीवाला येणार त्याच्या आदल्या दुपारी ती ओंडक्यावर वाकली होती. सहज कडेवरून हात फिरला. नखाएवढ्या, नखाएवढ्या, नखाएवढ्या, आणि मग एकदम बोट आत जायला लागलं. तिने मोजल्या. खोल खाचा दहा. बाटली किती दिवसांची? तेरा.

तिने एक कॅप्सूल फोडून भुकटी जिभेवर ठेवली. आंबट. संत्र्याच्या गोळीसारखी आंबटगोड. मग तिने बाटली उलटी केली. बूड काचपेपरने घासलेलं होतं, पण घासणाऱ्याला घाई झाली असावी. उन्हात तिरकी धरल्यावर तारीख दिसली. तिच्याच हाताची. गेल्या वर्षीची.

ती मागे गेली. रिकाम्या बाटल्यांची पेटी रिकामी होती.

दीर मोटारसायकल लावून शीळ घालत आत आला तेव्हा तिने त्याला मानगुटीला धरलं. बोकड धरताना धरतात तसं, कानामागच्या मऊ जागेत अंगठा रुतवून. तो गुडघ्यावर आला. तिने त्याचा डावा पंजा ओंडक्यावर दाबला आणि शेजारी बाटली ठेवली.

"ही कुठनं आणलीस?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती दिराला अरेतुरे करत होती. त्याला बाटलीआधी ते कळलं.

"दुकानातनं. वहिनी, हात सोड."

सत्तूर बाटलीवर आला. झाकणाचे दोन तुकडे झाले, कॅप्सुली रस्त्यापर्यंत उडाल्या. "कुठनं?"

"पेटीतनं," तो म्हणाला. "सुट्या कॅप्सुली स्वस्तात मिळतात. सील लावायचं यंत्र आहे माझ्याकडं. तुला द्यायची नव्हती, आईशप्पत. गडबडीत तुझी चांगली दुसऱ्याला गेली आणि ही तुला आली."

"माझी चांगली बाटली विकलीस?"

"तो जास्त देत होता."

सत्तूर पुन्हा वर गेला. तिला त्याच्या बोटांच्या मधोमध घाव घालायचा होता. भीती घालायची, एवढंच. तिचा नेम कधी चुकला नव्हता, त्या दिवशीही चुकला नाही. पण दिराने डोळे मिटले आणि हात ओढला. हलला नसता तर वाचला असता. करंगळीचं नखासकट टोक ओंडक्यावर राहिलं आणि उरलेला दीर खाली बसला.

क्षणभर दोघं त्या टोकाकडेच बघत राहिली. मग तो ओरडायला लागला. तिने तिडिकेसरशी त्याच्या थोबाडीत एक दिली, कारण ओरडताना रक्त जास्त जातं, आणि फडकं आवळून बांधलं. नवऱ्याच्या वेळी न जमलेली गाठ ह्या वेळी जमली. फडक्याचं टोक दातात धरून तिने ती आणखी ओढली.

डॉक्टरीणबाईंनी टाके घातले. टोक बसण्यासारखं नव्हतं. "कशानं झालं?" त्यांनी विचारलं.

"घसरलं," दीर म्हणाला.

तेवढ्यात ती तीनदा बाहेर जाऊन आली होती. चौथ्यांदा आली तेव्हा दीर बाकावर एकटा बसला होता, पांढराफटक.

"किती बाटल्या विकल्यास तसल्या?"

"एकवीस."

"उद्यापासून एकवीस दारांत जायचं. बाटली परत घ्यायची आणि आत काय भरलंस ते तोंडानं सांगायचं. त्यात माझ्यासारखी कोणी असेल तर ती आत्ता दार धरून उभी असेल."

दिराने वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता. "जातो. पण वहिनी, हे मी शिकलो कुणाकडनं? दादा गेला त्या वर्षी शिक्क्याचा फरा पुढं कोण टांगत होतं? तो फरा शेवटपर्यंत विकायचा नाही, त्याच्या आडून बिनशिक्क्याची दोन-दोन बोकडं खपवायची. मी शेजारी उभा होतो. तू गेली होतीस का कुणाच्या दारात?"

तिचा हात उठला. हवेत थांबला. मारण्यासारखं तिथे काही नव्हतं. एका बोकडाच्या आत पू निघाला तेव्हा तिने तो प्रकार बंद केला होता, हे खरं. पण त्याच्या आधीची वर्षभराची गिऱ्हाइकं काय घेऊन घरी गेली, ते तिने कधी विचारलं नव्हतं. दात पडलेला तो माणूस त्याच वर्षी रोज यायचा.

"चल," ती म्हणाली. "उठ."

दुसऱ्या दिवशी पाचला व्यवस्थापक आला. सासू दारात खुर्ची टाकून बसली. दीर एका हाताने जनावरं आकड्याला लावत होता. सहा बोकडं, आणि सहाच्या सहा फऱ्यांवरचे शिक्के बाहेर तोंड करून. सासूने ते बघितलं. थोरल्या मुलाच्या हयातीपासून दुकानात शिक्क्याचा एकच फरा पुढे असायचा, हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

एकघावीने सुरी पुसली. "साहेब, आधी सगळे शिक्के हाताने बघा. दुसरं, मला आजार आहे. सहा तासांत मी वीस वेळा आत जाईन. दर खेपेला हात धुऊन येईन. मला मोजायचं तर मोजा, पण माल वेळेत झाला की नाही तेही मोजा."

"वीस?" व्यवस्थापक म्हणाला.

"काल तीस होत्या."

तेवीस झाल्या. तेरा दिवसांचं विष एका रात्रीत उतरत नसतं. शेवटच्या तासाला दर घावाला पोटात उलटा घाव बसत होता. सुरीच्या मुठीवरच्या जुन्या खळग्यांत तिचे दात दोनदा जाऊन बसले. पण सत्तूर दुसऱ्यांदा उचलला नाही, आणि पावणेअकराला शेवटचा तुकडा तराजूत पडला.

व्यवस्थापकाने वजन घेतलं, शिक्क्यांवर पुन्हा बोट फिरवलं. "सोमवारपासून द्या," म्हणाला.

सासू खुर्चीवरून उठली. ओंडक्यापाशी आली. मुलाच्या करंगळीचा घाव तिथे ताजा होता, तिने त्यावर अंगठा ठेवला, जरा दाबला.

"ह्याचं बोट कापलंस," ती म्हणाली.

"हो, आई."

"अख्खं कापायचं होतंस." आणि गल्ल्याची किल्ली कमरेची काढून ओंडक्यावर ठेवली.

दीर पिशवी घेऊन पहिल्या दाराकडे निघाला. एकघावीने फडक्याला हात पुसले, कडेला खाच पाडली, बोटभर खोल. मग सत्तूर पुसून टांगला आणि रस्ता ओलांडून निघाली, त्या दात नसलेल्या माणसाच्या घराकडे.

शिंप्याने डोकं वर काढलं. "कुठं, बाई?"

"एक दार राहिलंय. आणि त्यांच्याकडं संडास आहे ना? मला परत येईपर्यंत दम निघायचा नाही."