खिशातली राज्यघटना

व्हर्लिन स्ट्राउडच्या शर्टाच्या डाव्या खिशात देशाची राज्यघटना असते. तळहाताएवढं, निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. विमा एजंटाने एका नाताळात कॅलेंडरबरोबर फुकट वाटलेलं. कोणाशी वाद झाला की तो खिशावर दोन बोटं आपटतो आणि म्हणतो, "सगळं यात लिहिलंय." यात नक्की काय लिहिलंय हे त्याला कोणी विचारत नाही, कारण विचारलं तर तो सांगायला लागेल.

शर्ट धुवायला टाकताना पुस्तक बाहेर काढायचं आणि इस्त्री झाली की परत खिशात घालायचं, हे काम त्याची बायको इर्मा करते. नऊ वर्षांपूर्वी एकदा ती विसरली आणि घटना मशीनमधून धुऊन निघाली. इर्माने ती पोर्चवर वाळत घातली. वाळली, पण पानं एकमेकांना घट्ट चिकटली. आता ओरडा ऐकावा लागणार म्हणून ती आठवडाभर धास्तावलेली होती. नऊ वर्षं झाली, व्हर्लिनला अजून पत्ता नाही.

चौतीस वर्षं त्याने हार्लो जंक्शनच्या आसपासच्या शेतघरांना टँकरने गॅस पोचवला. टाकी भरायला वीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ घरमालकाला थंडीत उभं राहून व्हर्लिनची मतं ऐकावी लागत. गॅस हवा तर ऐका, असाच तो मामला होता. लोकांना आपलं बोलणं आवडतं, अशी त्याची त्यातूनच समजूत झाली. निवृत्त झाला आणि श्रोते एका दिवसात नाहीसे झाले. मग त्याला इंटरनेटवरचं गावाचं पान सापडलं.

ते पान इर्माच्या बहिणीचं, मॅक्सीनचं. तिचं मेन स्ट्रीटवर केस कापायचं दुकान आहे. हरवलेली कुत्री, अंगणातली जुन्या सामानाची विक्री, कोणाच्या दफनविधीनंतर कोणी जेवणासाठी कॅसरोलचं भांडं आणायचं, असल्या गोष्टींसाठी तिने ते सुरू केलं. नियम एकच होता: गावातल्या माणसाचं नाव घेऊन शिवीगाळ करायची नाही.

आमच्या आयोवा राज्यात शाळेच्या जेवणात चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण असलं की ताटात शेजारी दालचिनीचा गोड रोल लागतो. त्या शरद ऋतूत शाळेची स्वयंपाकीण लोरेटा प्रुइट हिने रोल करणं बंद केलं. व्हर्लिनचं शाळेत कोणी नाही, त्याची दोन्ही मुलं डी मॉइन शहरात आहेत आणि सणावारीसुद्धा जपून येतात. तरी त्याने पानावर लिहिलं की लोरेटा चोर आहे, मैदा-साखर घरी नेते, तिच्या अंगावरूनच कळतं. मॅक्सीनने ते काढून टाकलं. त्याने पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा तिने त्यालाच पानावरून काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला तेव्हा इर्मा केसांना रोलर लावून खुर्चीत बसली होती. तिला उठता येईना.

"माझं भाषणस्वातंत्र्य हिरावलंस तू," व्हर्लिन म्हणाला.

"मग हे काय चाललंय? मूकाभिनय?" मॅक्सीनने कात्री खाली ठेवली नाही.

त्याने खिशावर बोटं आपटली. "पहिली घटनादुरुस्ती. सगळं यात लिहिलंय."

"ती सरकारला बांधते, व्हर्लिन. मी केस कापते."

"निम्मं गाव आहे त्या पानावर. म्हणजे ती सार्वजनिक जागा झाली."

"निम्मं गाव या खुर्चीतही बसतं. म्हणून काय इथे उभं राहून माझ्या गिऱ्हाइकांचं वजन काढशील? बरं, एक सांग. उद्या मी तुझ्या गॅरेजच्या दारावर पाटी लावली, 'व्हर्लिन मूर्ख आहे' अशी, तर राहू देशील?"

"गॅरेज माझं आहे!"

"झालं तर मग," मॅक्सीन म्हणाली. "बाजूला हो, उजेड अडतोय."

ज्याला थोडी जरी लाज असती तो तिथे थांबला असता. व्हर्लिन शेरीफच्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडे गेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि यंदा मासे कसे लागतायत ते विचारलं. ते पान ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर होतं तिला व्हर्लिनने चार पानी पत्र पाठवलं, त्यावर यंत्राने आभार मानले. मग त्याने ट्रकच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: माझा आवाज दाबला आहे. तो ट्रक घेऊन रोज गावातून तीन फेऱ्या मारायचा, आणि पेट्रोल पंपावर, चर्चच्या आवारात, टेंडरलॉइन सँडविचच्या रांगेत भेटेल त्याला आपला आवाज कसा दाबला ते मोठ्याने सांगायचा. घरी तेच, नाश्त्यापासून. इर्माने हवामानाबद्दल काही म्हटलं तरी तो "माझं संपू दे आधी" म्हणायचा. लग्नाच्या एकेचाळीस वर्षांत ते कधी संपलं नव्हतं.

दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी सहा वाजता नगर परिषदेची सभा भरते. ज्याला बोलायचंय त्याने माईकपाशी जाऊन नाव आणि पत्ता सांगायचा, त्याला तीन मिनिटं मिळतात. ऑक्टोबरच्या सभेत व्हर्लिनने तीन मिनिटं घेतली. मॅक्सीनला हुकूमशहा म्हणाला, लोरेटाला पुन्हा चोर म्हणाला, परिषदेच्या पाचही जणांना बिनकण्याचे म्हणाला. मेयर गेलन हसमनने घड्याळाकडे बघत शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हे सरकार होतं, आणि सरकारने त्याचा शब्द न् शब्द ऐकला होता. ज्या हक्कासाठी तो महिनाभर गाव डोक्यावर घेत होता, तो त्याला तिथे पुरेपूर मिळाला आणि त्याच्या लक्षातही आलं नाही. "बघितलंस?" तो इर्माच्या शेजारी बसत म्हणाला. "या देशात आता कोणी बोलू देत नाही."

त्याच्यानंतर लोरेटा उठली. तिच्या हातात लोणच्याची जुनी बरणी होती आणि तीत पिवळट पाणी होतं. दुसऱ्या हातात कागद.

"लोरेटा प्रुइट, सेकंड स्ट्रीट. हे शाळेच्या नळाचं पाणी आहे. ऑगस्टपासून असंच येतंय. रोलचं पीठ भिजवलं की वास मारतं, म्हणून मी रोल बंद केले. पण मुलं हेच पाणी पितात. मी स्वतः तपासणी करून घेतली, हा अहवाल. पाणी खात्याच्या रॉडनीला तीनदा सांगितलं, तो—"

"थांब," गेलन म्हणाला. रॉडनी त्याच्या बायकोचा भाऊ. "इथे गावाच्या नोकरांवर टीका चालणार नाही."

"आत्ता व्हर्लिनने तुम्हाला काय काय म्हटलं, ते चाललं."

"विषय संपला." त्याने माईक बंद केला. पहिलं मिनिटही पुरं झालं नव्हतं. लोरेटा बिनमाईकची बोलू लागली तेव्हा गेलनने दारापाशी उभ्या असलेल्या पोलिसाला खूण केली. त्याने तिचं कोपर धरलं आणि तिला बाहेर नेलं. बरणी आणि अहवाल तिने माईकशेजारच्या टेबलावर ठेवले होते, ते तिथेच राहिले.

इर्माने नवऱ्याकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षांत तिने त्याच्याकडून फार काही अपेक्षिलं नव्हतं, पण त्या क्षणी तिला खरंच वाटलं की हा आता उठेल. महिनाभर ज्याच्या नावाने ऊर बडवला, ते डोळ्यांसमोर घडलं होतं. सरकारने एका बाईचं तोंड बंद केलं होतं. आणि त्या शाळेत दोनशे मुलं उद्या सकाळी तेच पाणी पिणार होती.

व्हर्लिन टाळ्या वाजवत होता.

"बरं झालं," तो म्हणाला. "त्यांची सभा, त्यांची मर्जी."

इर्माला त्याची किळस आली. तिने हात घालून त्याच्या खिशातलं पुस्तक काढून घेतलं आणि ती माईककडे चालू लागली.

"इर्मा! बस खाली. लोक बघतायत."

"बसलेच होते," ती मागे न बघता म्हणाली. "इर्मा स्ट्राउड, एल्म स्ट्रीट. गेलन, घड्याळ लाव."

"त्या पाण्याबद्दल बोलणार असशील तर—"

"त्याबद्दलच."

माईक सुरू झालाच नाही. इर्माने लोरेटाचा अहवाल उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. आवाज आधी पुढच्या रांगेपर्यंतच गेला. ती थांबली, घसा खाकरला आणि मागच्या भिंतीपर्यंत जाईल इतक्या जोरात वाचू लागली. पोलीस दोन पावलं पुढे आला. तेव्हा मॅक्सीन आपल्या खुर्चीतून उठून मधल्या वाटेत उभी राहिली, आणि तिच्या मागोमाग आणखी दहा-बारा जण उभे राहिले. पोलिसाने गेलनकडे पाहिलं. गेलनने बरणीकडे पाहिलं.

अहवाल संपल्यावर इर्माने निळं पुस्तक गेलनच्या पुढ्यात ठेवलं. पहिली दुरुस्ती असलेलं पान तिने नखाने सोडवलं, कडेला थोडं फाटलं.

"धुण्यात गेलं होतं, सगळं चिकटलंय," ती म्हणाली. "पण हे एक पान निघालं. वाच. ते मॅक्सीनसाठी लिहिलेलं नाही, तुझ्यासाठी लिहिलंय."

मग ती वळली. व्हर्लिन रिकाम्या खिशावर हात ठेवून बसला होता. पुस्तक कधी धुतलं गेलं, असं तो विचारत होता. ती त्याच्यापुढून दाराबाहेर गेली.

लोरेटा बाहेर पायऱ्यांवर बसली होती. इर्मा लोरेटाच्याच गाडीतून घरी गेली. व्हर्लिन एकटाच ट्रकपाशी आला, आत बसला आणि बोलायला तोंड उघडलं. शेजारची सीट रिकामी होती.