नानांच्या मोटारीचं ऑइल

देवपुरात माझ्या खोलीसमोर राहणाऱ्या नानांना मोटारीचं ऑइल किती दिवसांनी बदलावं, हे कधीच ठरवता आलं नाही. मिस्त्री एक सांगे, गाडीबरोबर आलेलं पुस्तक दुसरंच. शेवटी कुणी जुनं ऑइल मागायला आलं की ते बदलत. कुणाला बैलगाडीच्या आसाला लावायचं असे, कुणाला वाळवी लागलेल्या दाराला. "तुमच्या तेलावर मोटारीपेक्षा बैलगाड्याच जास्त पळतात," असं काकू त्यांना टोचत.

एकदा माझे वडील गावाहून रिकामा डबा घेऊन आले. दुसऱ्या दिवशी कापूस बाजारात न्यायचा होता आणि गाडीचा आस कोरडा पडला होता. नानांनी तर आदल्याच दिवशी ऑइल बदलून जुनं देऊन टाकलं होतं. मी अडखळत ते सांगू लागलो, तोच "बरं झालं आलात आबा, बदलायचंच होतं," म्हणत नाना मोटारीखाली शिरले.

डब्यात मधासारखी पिवळी धार पडू लागली. वडील वाकून म्हणाले, "नाना, हाई ते नवंच दिसस!"

मोटारीखालून आवाज आला, "वरतून दिसस, आबा. आतून बठ्ठं काळं शे."