दिवसाला पंचवीस सेकंद

“काका, दुकानदार म्हणाला, दुरुस्त करण्यापेक्षा नवीन घ्या,” अनघा म्हणाली आणि रुमालात गुंडाळलेलं घड्याळ तिने माझ्या वर्कबेंचवर ठेवलं.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. जर्मनीतल्या येना शहरात एका लहानशा ऑप्टिक्स कंपनीत मी वर्कशॉप इंजिनिअर होतो. लेन्स बसवायच्या पितळी रिंगा बनवायच्या, मायक्रॉनमध्ये मोजायच्या, हे माझं काम. अनघा मूळची साताऱ्याची, इथल्या युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होती. घड्याळ तिच्या वडिलांचं. चावीचं, स्विस, तिच्यापेक्षा वयाने मोठं. दोन वर्षं बंद पडलेलं. “जर्मनीत नक्की होईल” असं सांगून तिने ते त्यांच्या मनगटावरून काढून आणलं होतं आणि इथल्या दुकानदाराने अर्ध्या स्टायपेंडएवढा खर्च सांगितला होता.

“बाबांना बरं नाहीये,” ती म्हणाली. “फोनवर तब्येतीचं काही बोलत नाहीत. घड्याळ कुठवर आलं, एवढंच विचारतात.”

मी मागचं झाकण उघडलं. घड्याळात बॅलन्स व्हील नावाचं एक चाक सतत डावी-उजवीकडे डोलत असतं. त्या डोलण्यावर सगळा वेळ चालतो. त्या चाकाचा आस मोडला होता. आस म्हणजे तांदळाच्या दाण्याहून बारीक पोलादी दांडी, टोकं केसाएवढी. या मॉडेलचा पार्ट आता कुठे मिळत नव्हता. पण आमच्याकडे बारीक कामाचा लेथ होता, आणि असं काही समोर आलं की मला राहवत नाही.

“मी करून देतो. पैसेबियसे काही नकोत.”

“निदान सामानाचे तरी घ्या ना काका.”

“काका म्हणतेस ना? मग गप्प बस.”

त्या दिवशी मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं, हे कबूल करतो.

लिंडनर आमचे माइस्टर, म्हणजे वर्कशॉपचे प्रमुख कारागीर. त्यांची परवानगी मागायला गेलो.

“फायरआबेंडनंतर, सगळे घरी गेल्यावर, छोटा लेथ वापरू का? खाजगी काम आहे.”

“कोणाचं?”

“एका मुलीच्या वडिलांचं घड्याळ आहे. आजारी आहेत ते.”

“मग फायरआबेंडची वाट कशाला बघताय?” ते म्हणाले.

पहिले तीन आस माझ्या हातून मोडले. चौथा बसला. गुरुवारी दुपारी घड्याळ चालू झालं, तेव्हा लिंडनरसुद्धा उठून बघायला आले. रोजच्या रोज रेडिओ-सिग्नलवर अचूक चालणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळाशी मिळवून पाहायचं ठरवलं. शुक्रवारी दुपारी पाहिलं तर दिवसाला पंचवीस सेकंद पुढे. मनगटी घड्याळ आडवं असताना वेगळं चालतं, उभं असताना वेगळं. त्यामुळे प्रत्येक स्थितीत चोवीस तास ठेवायचं, मोजायचं, वेग कमी-जास्त करणारा आतला काटा किंचित फिरवायचा, पुन्हा ठेवायचं. आठवडा सहज जातो.

तेवढ्यात अनघाचा फोन आला.

“काका, आमच्या लॅबमधला समीर उद्या पुण्याला चाललाय. सोमवारी बाबांना भेटायला साताऱ्यालाही जाणार आहे. घड्याळ झालं असेल तर…”

परदेशात आपल्या लोकांचं टपाल असंच चालतं. कोणीही निघालं की सगळ्यांच्या पिशव्या त्याच्या गळ्यात.

“चालू झालंय गं. पण पुढे जातंय. मला आठवडा दे. पुढच्या शनिवारी तुझी काकू निघतेय, तिच्याबरोबर पाठवतो. असं अर्धवट काम मी कधी दिलेलं नाही.”

“चालतंय ना पण, काका?”

“चालतंय. बरोबर चालत नाही.”

“बरं,” ती म्हणाली.

लिंडनर शेजारीच होते. मराठी कळत नसलं तरी काय चाललंय ते त्यांना कळलं असावं.

“तुमचा पेशंट ट्रेन चालवतो?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग देऊन टाका.”

मी हसण्यावारी नेलं. वडील आजारी आहेत हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. माहीत होतं. पण माझ्या डोक्यात ते पंचवीस सेकंद बसले होते.

बुधवारी घड्याळ चार सेकंदांवर आलं. मी खुशीत तिला फोन लावला.

“काका, बाबा काल गेले,” ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. “मी आज निघतेय.”

घड्याळ घेऊन मी बानहोफवर, म्हणजे रेल्वे स्टेशनवर, गेलो. तिने ते कानाला लावलं, बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग म्हणाली, “समीर सोमवारी गेला होता. बाबांनी त्याला विचारलं, घड्याळ आणलंस का. तो म्हणाला, येतंय, झालंच आहे. तर म्हणे त्यांनी चावी द्यायची खूण केली बोटांनी.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. मी “माफ कर” म्हणालो, तर तीच माझी समजूत घालू लागली. “तुम्ही एवढं केलंत काका, तेही फुकट.” ट्रेन आली आणि ती गेली. मी परत वर्कशॉपमध्ये आलो. लिंडनरनी कॉफी आणून ठेवली.

पुढे कित्येक दिवस मी तो फोन आठवत राहिलो. तिला ते घड्याळ त्याच दिवशी हवं होतं. तिने दोनदा सुचवलंही. पण काकांनी फुकट केलेल्या कामात आणखी किती बोलणार?

आता मी रिटायर झालोय. लोकांची जुनी घड्याळं अजून करून देतो. पाच युरो घेतो, तेही आधी. त्यात तेलाचा खर्चही निघत नाही. पण पैसे दिलेला माणूस तगादा लावतो, आवाज चढवतो, “आहे तसं द्या” म्हणतो. अनघाला तेवढाही हक्क मी ठेवला नव्हता.