डाव्या इंजिनातला सांधा

दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की काळाचौकीतल्या आमच्या चौदाव्या मजल्यावरून एक विमान सुटतं. दोन पंख्यांचं, जुन्या घडणीचं, शेपूट जमिनीला टेकवून नाक आभाळाकडे करून उभं राहणारं. वैमानिक मी. वय त्रेपन्न, पोटाचा घेर सांगत नाही. प्रत्यक्षात मला जत्रेतल्या पाळण्यातही घेरी येते, पण हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरसमोर बसलो आणि दांडा हातात घेतला, की माझ्याइतका शूर माणूस शिवडीपासून भायखळ्यापर्यंत सापडायचा नाही. याला कुणी खेळ म्हटलेलं मला खपत नाही. सिम्युलेटर म्हणायचं. बायको याला ‘ह्यांचा पतंग’ म्हणते, तो भाग वेगळा.

सिम्युलेटरबरोबर काही विमानं आयती मिळतात. पण खरे शौकीन वेगळी विमानं घेऊन त्यात बसवतात, त्यांना ॲड-ऑन म्हणतात. माझं हे दोन पंख्यांचं विमान तसलंच. कुठल्याशा थंड देशातल्या दोन वेड्यांनी एका जुन्या, अजून उडणाऱ्या विमानाच्या इंजिनांजवळ माइक बांधून खरा आवाज उतरवून घेतला होता. डाव्या इंजिनाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. पहिल्यांदा दोन्ही इंजिनं सुरू केली तेव्हा शोकेसमधल्या काचेच्या बशा थरथरल्या आणि मला भरून आलं.

आणि मग तो आवाज आजारी पडला.

छान घरघर चाललेली असायची आणि मध्येच अर्धा क्षण काहीच नाही. कुणीतरी आवाज गिळून टाकल्यासारखा. पुन्हा सुरू, पुन्हा गडप. कॉटन ग्रीनच्या गोदामांवरून वळण घेत असताना इंजिन गप्प झालं, की सगळं खोटं आहे हे माहीत असूनही मी खाली उतरायला जागा शोधू लागायचो. मी विमान काढून पुन्हा बसवलं. इतर सगळी ॲड-ऑन बाजूला काढून ठेवली आणि एकेक करून परत आणली. इंटरनेटवर अशा रोग्यांची एक पंचायत भरते, तिथे जाऊन लक्षणं सांगितली. तिसऱ्या रविवारी दोष सापडला. कॉम्प्युटरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये, चारी बाजूंनी आवाज येतोय असा भास करून देणारी एक सोय चालू होती. ती आणि माझं विमान एकमेकांच्या पायात पाय घालत होती. ती बंद केली आणि इंजिनं अखंड गर्जू लागली.

मी खुर्चीतून उठून, नाटकात शेवटी करतात तसा, कमरेत वाकून घराला नमस्कार केला. बायकोने स्वयंपाकघरातून हात हलवला. आई सोफ्यावर लसूण सोलत बसली होती.

“टक् अजून आहे,” आई म्हणाली.

“कसला टक्?”

“तुझ्या विमानात. एक टक् येतो. मग जरा वेळाने परत येतो.”

मी कान दिले. काही नाही. बायको येऊन स्पीकरला कान लावून उभी राहिली. तिलाही काही नाही.

“आई, नाही आहे गं काही.”

“असेल बाबा,” आई म्हणाली आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आई मूळची मालवणकडची. लग्न होऊन परळच्या चाळीत आली आणि गिरणीत वाइंडिंग खात्यात लागली. सूत छोट्या बॉबिनवरून शंकूच्या आकाराच्या मोठ्या कोनावर गुंडाळायचं काम. खात्यात आवाज एवढा, की शेजारची बाई ओरडली तरी ऐकू यायचं नाही. म्हणून तिथे सगळ्या बायका ओठांवरून बोलणं वाचायच्या. घशातून आवाज न काढता, नुसती तोंडं हलवून, चार मशीनपलीकडच्या बाईशी सुनेच्या कागाळ्या करायच्या. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण आईची ती सवय गेली नाही. आपण बोलू लागलो की ती डोळ्यांकडे पाहत नाही, तोंडाकडे पाहते. आणि अलीकडे आम्ही नवरा-बायकोने त्यावरून परस्पर निकाल लावून टाकला होता: आई बहिरी होत चाललीय. त्यात आता हा न वाजणारा टक्. बायकोने शीवच्या एका कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली.

पुढच्या रविवारी हे आईला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी तोंडाला येईल तेवढा गोडवा आणून म्हणालो, “आई, गुरुवारी जरा कान दाखवून येऊ. काहींना कानात असे आवाज येतात. औषध मिळतं.”

आईने लसणाची ताटली बाजूला ठेवली. घाबरली किंवा चिडली की ती मालवणीत शिरते.

“माका खरा सांग. कानातच ना? का डोक्यात?”

“डोक्यात कशाला?”

“ताईला पण आधी आवाजच यायचे. भिंतीत कोण शिट्टी वाजवतंय म्हणायची. आम्ही हसायचो. वर्ष झालं नसेल, मी डबा घेऊन गेले तर म्हणाली, बाई, तुम्ही कुठच्या?”

मावशीचं शेवटचं मला ठाऊक होतं. पण आई इतके दिवस प्रत्येक टक् कशाच्या भीतीने मोजत होती, ते मला ठाऊक नव्हतं. ती दर रविवारी मुद्दाम हॉलमध्ये बसत होती. टक् गेला का, हे पाहायला. मी मात्र समजत होतो की माझं उड्डाण बघायला बसते. नटाला सगळीकडे प्रेक्षकच दिसतात.

“विमान बंद असताना येतो का गं टक्?” मी विचारलं.

ती विचारात पडली. “नाही वाटतं. पण तू विमान लावतोस तेव्हाच मी लक्ष देते.”

मला एक युक्ती सुचली, आणि सुचल्याबरोबर तिची भीतीही वाटली. टक् आईच्या आत असेल, तर तो आपल्या चालीने चालेल. विमानात असेल, तर विमानाच्या चालीने चालेल. म्हणजे परीक्षा सोपी होती. निकाल मात्र दोन्हींपैकी कुठलाही लागू शकत होता, आणि एकदा कळलेलं पुन्हा न कळल्यासारखं करता येत नाही. आईला मी युक्ती समजावली. ती लगेच उठली, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि माझ्याकडे, कॉम्प्युटरकडे पाठ करून बसली. मांडीवर डब्याचं झाकण घेतलं.

“टक् आला की मी ह्याच्यावर बोट मारीन. तू काय करतोस ते सांगू नको. आणि फसवाफसवी नको, मेल्या.”

बायको हातात उलथनं घेऊन दारात पंच म्हणून उभी राहिली.

मी विमान हवेत नेलं आणि सरळ ठेवलं. इंजिनांची घरघर. आईचं बोट झाकणावर पडलं. मग काही क्षणांनी पुन्हा. पुन्हा. देवळातल्या घड्याळासारखं एकसारखं अंतर. मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं. आम्हा दोघांना फक्त घरघर ऐकू येत होती.

मी दोन्ही इंजिनांचे फेरे कमी केले. आवाज खाली उतरला. आईचं बोट वर राहिलं, थांबलं, आणि आधीपेक्षा उशिरा पडलं. पुढचंही तितक्याच उशिरा. मी फेरे वाढवले. बोट भराभर पडू लागलं. आता मला जवळजवळ पटलं होतं. तरी मनातला वकील म्हणालाच, की आवाज चढला-उतरला हे कुणालाही कळतं, ती नकळत त्या तालावर मारत असेल.

मग मी उजवं इंजिन बंद केलं. एक पंखा थांबला, अर्धा आवाज गेला. बोट चालूच. टक्. टक्.

उजवं पुन्हा सुरू केलं, आणि डावं बंद केलं.

नुसता ताल धरणाऱ्याला फरक काहीच नाही. मघाशीही एक इंजिन वाजत होतं, आताही एकच वाजत होतं. आईचं बोट वर उचललेलं होतं, ते खाली आलंच नाही. झाकणाच्या वर वीतभर, हवेत तसंच थांबलं. मी डावं इंजिन चालू केलं, ते खोकत खोकत पूर्ण वेगाला आलं, आणि ते बोट खाली पडलं.

बायकोने उलथनं टेबलावर ठेवलं. मी आजवर पुष्कळ प्रयोग पाहिलेत, नाटकांचे आणि जादूचेही, पण एका पाठमोऱ्या बाईच्या एका बोटाकडे मी इतका वेळ कधी पाहिलेलं नाही.

“आत्ता शेवटी लावलंस त्या मशीनमध्ये आहे,” आई खिडकीकडे बघत म्हणाली. “पट्ट्याचा सांधा वाजतोय.”

“विमानाला पट्टा नसतो गं.”

“मग जे काय गोल फिरतं त्याचा. आमच्या खात्यात मशीनला चामड्याचा पट्टा असायचा. तुटला की दोन टोकं जोडायचे. जोड वाईट असला की चाकावरून जाताना दर फेरीला टक् करायचा. मशीन हळू तर टक् हळू. पट्टा कधी तुटेल ते आम्हाला त्यावरून कळायचं.”

“एवढ्या गोंगाटात ऐकू यायचं?”

“गोंगाट कोण ऐकतं? फिरून येतं ते ऐकायचं.”

मी विमानाचं फोल्डर उघडलं. माझं सिम्युलेटर जुन्या पद्धतीचं आहे, त्यात विमानाच्या आवाजाच्या फाइली उघड्या सापडतात. डाव्या इंजिनाची फाइल जेमतेम काही सेकंदांची होती. तीच संपली की पुन्हा पहिल्यापासून, अशी गोल गोल फिरून तासभराचं उड्डाण पुरं करायची. आणि इंजिन वेगाने फिरलं की फाइलही वेगाने फिरायची. आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामात ती लावली. फाइलचं शेवटचं टोक पहिल्या टोकाशेजारी आणून ठेवलं आणि मोठं करत गेलो. बरंच मोठं केल्यावर दिसली. केसाएवढी उभी रेघ. शेवट एका उंचीवर संपत होता आणि सुरुवात दुसऱ्या उंचीवर होत होती. उजव्या इंजिनाच्या फाइलची टोकं मात्र बेमालूम जुळलेली. त्या थंड देशातल्या दोन वेड्यांच्या, हजारो वापरणाऱ्यांच्या, आणि त्या सगळ्या पंचायतीच्या कानातून सुटलेली ती रेघ होती.

आई माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. तिला रेघ दाखवली. मग पडद्यावर, त्या रेघेवर, तिने हलकेच नख ठेवलं.

“ही दिसते ती?”

“हीच.”

“म्हणजे आहे.”

“आहे.”

ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. बायकोने न विचारता तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि तिने तो एका दमात संपवला.

“आता जोड नीट कर,” आई म्हणाली. “नुसती टोकाला टोक लावून भागत नाही. दोन्ही टोकं तासून पातळ करायची, एकावर एक चढवायची, मग शिवायची. जाडी वाढता कामा नये.”

मी हात जोडायचेच काय ते बाकी राहिले. कारण आवाज जोडायची रीत हुबेहूब तीच. शेवटचा तुकडा हळूहळू बारीक करत न्यायचा, पहिला तुकडा हळूहळू मोठा करत आणायचा, आणि दोन्ही एकमेकांवर चढवायचे. हे मी इंग्रजी व्हिडिओ पाहून शिकलो होतो. आई वाइंडिंग खात्यात उभ्या उभ्या, पट्टा जोडणाऱ्या माणसाच्या हाताकडे बघून शिकली होती. मी टोकं तासली, चढवली, फाइल विमानात ठेवली. आई पुन्हा पाठ करून बसली. इंजिनं सुरू झाली. झाकणावर बोट पडलं नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. मी फेरे चढवले, उतरवले. नाही.

“गेला,” ती म्हणाली.

बायको म्हणाली, “मग गुरुवारची वेळ रद्द करते.”

“कशाला? जाऊ की. कान जुने झालेत ते मला माहीत आहे. कानाची मला भीती नाय.” मग माझ्याकडे वळून, “जुनी फाइल फेकलीस?”

“ठेवलीय बाजूला.”

“ठेव. कधी मला वाटलं, की डोक्यात आपलं काहीतरी हलतंय, तर मी तुला सांगीन. न सांगता लावायची, मी पाठ करून बसेन. टक् ऐकू आला म्हणजे मी जागेवर आहे.”

मी मान हलवली. पण तोंडाला नको ते विचारायची खोड आहे. “आणि नाही ऐकू आला तर?”

आईने ताटली पुन्हा मांडीवर घेतली, आणि सवयीप्रमाणे माझ्या ओठांकडे बघत म्हणाली, “तर मी समजेन, की मुलाने माझ्यासाठी ती जुनी फाइलपण दुरुस्त केली.”