गाऱ्हाणं घालणारा शेजारी

आमचा शेजारी गावातर्फे देवाला गाऱ्हाणं घालायचा. आवाज असा, की देवही दचकावा. प्रत्येक वाक्याला गाव "व्हय म्हाराजा!" म्हणायचा. घराची गळकी कौलं मात्र तो दरसाल "उद्या परतून घालतंय" म्हणायचा, आणि बायको पातेली मांडायची.

दिल्लीला पाठवायचा माणूस निवडायचा होता. एक उमेदवार सभेत असा काही बोलला, की गाव सवयीने ओरडला, "व्हय म्हाराजा!" दुसरा तोतरा, पण पटकीच्या साथीत मढी त्यानेच उचलली होती.

मत कोणाला, म्हणून आम्ही शेजाऱ्याच्या खळ्यात जमलो. तो म्हणाला, "तोतऱ्याक. गोड बोलणारो कसो असता, तां माझ्या बायलेक इचारा."

"व्हय म्हाराजा!" बायको आतून ओरडली.

मी तोतऱ्यालाच मत दिलं. कौलं त्या वर्षीही गळली.