हल्लू, बेटी, हल्लू

दोन-अडीच वर्षांच्या लेकराचे गाल दोन बोटांनी दाबून त्याचं तोंड तुम्ही कधी जबरदस्तीने उघडलंय का? खरं सांगा. मी उघडलंय. आणि त्या क्षणी माझ्या कमरेला, पदराआड, सोलापुराहून लपतछपत आलेलं एक पत्रक खोचलेलं होतं. कुणाच्याही जिभेवर सक्ती करण्याचा हक्क कुठल्याच सत्तेला नाही, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं.

आज सकाळी शेजारच्या अंगणात मंजनासाठी बाभळीची साल जाळत होते. तो तुरट धूर भिंतीवरून आमच्याकडे उतरला आणि दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा माझ्यापुढे येऊन बसला. अजून उठलेला नाही.

तेव्हा आम्ही कमठाण्यात होतो. वहिनी विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती, म्हणून तिला करजगीला माहेरी नेलं होतं. लेकराला ताप लागू नये म्हणून तिची चिमुरडी माझ्यापाशी ठेवली. वहिनीची भाषा कानडी, त्यामुळे पोरीचीही तीच. मी मात्र पत्रकांवर वाढलेली. आमच्या संस्थानात शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत, आपली मराठी उरली ती चुलीपुढे, तेव्हा चूल तरी राखायची, हे मी मनाशी पक्कं केलेलं. पोर मला ‘अत्ती’ म्हणाली की मी सांगे, ‘आत्या म्हण.’ ‘नीरु’ म्हणाली की तांब्या मागे धरून ‘पाणी’ म्हणायला लावी. आठ-दहा दिवसांत तिचं बोलणं कमी कमी होत थांबलं. मला वाटलं, शिकतेय.

मग तिच्या हिरड्या सुजल्या. दुधात कुस्करलेली भाकरीही ती थुंकू लागली. वैद्य म्हणाले, मीठ घातलेल्या मंजनाने रोज हलक्या हाताने दात चोळा, नाहीतर आत पू धरेल. पण ती तोंड उघडेल तर ना! मी गाणी म्हटली, चिमण्या दाखवल्या, स्वतःचे दात काळे करून माकडासारखी नाचले. ओठ शिवल्यासारखे. दोन दिवस तिच्या पोटात धड काही नव्हतं, डोळे खोल गेले होते. तिसऱ्या सकाळी माझा धीर सुटला.

“आ कर की गं! कामून असं करायलीस? दात दाखव, दात!” म्हणत मी तिचे गाल दाबले. ती हुंदकाही न देता माझ्याकडे बघत राहिली. मंजन हनुवटीवरून ओघळलं.

भिंतीपलीकडच्या मुसलमान शेजारीण खाला, ज्यांच्याकडून मंजन आणलं होतं, त्या आरडाओरडा ऐकून आत आल्या. दात रंगवायच्या मिस्सीने काळेभोर झालेले त्यांचे दात आधी दिसले, मग त्यांचा राग.

“अगे हल्लू, बेटी, हल्लू! बच्ची है, चक्की नईं! ऐसी जबरदस्ती कैकू करती?”

त्या मला रागावत होत्या. त्यांच्या दखनी बोलीत हल्लू म्हणजे हळू. पण माझ्या हातातल्या त्या एवढ्याशा तोंडाने एकदम ‘आ’ केला. बारीक बारीक दात, लालभडक हिरड्या. तिने स्वतःचं बोट पुढच्या दातावर ठेवलं आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा बोलली, “हल्लु.”

कानडीत हल्लु म्हणजे दात. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. बाजारातली कानडी मलाही येते. पण तो शब्द खालांच्या तोंडून आला म्हणून मी त्यांच्या बोलीतला ऐकला. पोरीने तो आपल्या आईचा ऐकला. कारण पुढच्याच क्षणी ती दाराकडे वळली आणि म्हणाली, “अव्वा?” आई आली का?

खालांनीच तिला मांडीवर घेऊन दात चोळले. ती रडत होती, पण तोंड उघडं ठेवून. संध्याकाळी तिने अर्धी भाकरी खाल्ली. ‘मी जबरदस्ती केली’ असं मी कबूल केलं, तसा पोरीचा बाप, माझा दादा, हसत सुटला. “चूल राखायलीस व्हय? मग ‘जबरदस्ती’ हा शब्द कुणाच्या भाषेतला गं, बाई?” तो फारसीतला, कचेरीच्या उर्दूसारखाच बाहेरून आलेला.

वहिनी पुढे बरी होऊन आली. पोर आता तिन्ही भाषांत भांडते आणि ‘हल्लू’ म्हटलं की कधी सावकाश चालते, कधी दात दाखवते. गोंधळ फक्त माझाच उरला आहे. पत्रकातलं एक अक्षरही मला आज खोटं वाटत नाही. शाळेत आपली भाषा हवी, हे मी उद्या चावडीवरही ओरडून सांगेन. पण मातृभाषा हा शब्द लिहिताना लेखणी अडखळते. त्या घरातली माता करजगीला होती आणि तिची भाषा मी पोरीच्या तोंडातून रोज थोडी थोडी खरवडून काढत होते, मंजन लावून चोळावं तशी. मी कुणाच्या बाजूने होते, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तुम्हीही माझ्यासारखेच पत्रकं वाचणारे, वाटणारे. म्हणून एवढं करा. आज घरातल्या सगळ्यात लहान लेकराला जवळ घ्या, त्याच्या दातावर बोट ठेवा आणि विचारा, याला काय म्हणतात. ते जे म्हणेल, ते दुरुस्त करू नका.