मेलेल्या प्रोफेसरचं रीळ

श्याम मास्तरांनी रॉकेलच्या बोळ्यानं पत्र्याचे सहाही डबे लख्ख पुसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की डब्यांवरचे रिळांच्या क्रमाचे खडूचे आकडेही गेले. हेतू शुद्ध होता. शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस दर रविवारी थिएटरच्या मशीनच्या खोलीत बसून फुकट सिनेमा बघतो, तर त्यानं निदान गंज तरी काढावा!

काशीराम ऑपरेटर चहा घेऊन वर आला. त्यानं डब्यांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"फळा समजलात काय?"

काशीराम लांज्याकडचा. अठरा वर्षं हेच मशीन. कानावर विडी कायम, पण त्या खोलीत ती कधी पेटली नाही. पौराणिक सिनेमाकडे तो पाठ फिरवून बसे, यंत्राचा नुसता आवाज ऐकत. शास्त्राचा सिनेमा मात्र भिंतीतल्या भोकाला डोळा लावून बघे. "देवाला विचारायचा नसता. शास्त्राला नाय विचारायचा तर कोणाला?" आणि मग मास्तरांना विचारी. मागे एका इंग्रजी सिनेमात आलेल्या अंतराळातल्या बाया पाणी कुठून भरतात, हे मास्तरांना आजवर सांगता आलं नव्हतं.

आज त्याच इंग्रजी सिनेमाचा दुसरा भाग सकाळच्या एस्टीनं आला होता. गावात तो पाहिलेला कुणी नाही. रिळांच्या तोंडचे आकडे आधीच्या गावांनी तुटकी फिल्म कापून कापून संपवलेले. खेळ तीनला, घड्याळात सव्वादोन. आणि गेल्या रविवारी फिल्म तीनदा तुटून इतक्या शिट्ट्या पडल्या होत्या, की शेठनी बजावलं होतं, "पुन्हा आरडाओरडा झाला तर मशीन माझ्या भाच्याकडे." भाच्याला मशीनमधलं एवढंच कळत होतं, की ते मामाचं आहे.

नावांचं रीळ पहिलं, समाप्तीचं शेवटचं. प्रश्न मधल्या चारांचा. काशीराम एकेक रीळ दिव्यासमोर धरून बघू लागला.

"ह्यात प्रोफेसर भट्टीत पडून वितळला. आणि ह्यात कॉफी पितो. म्हणजे कॉफी आधी."

"तसंच काही नाही रे," मास्तर अपराधी आवाजात म्हणाले. "दुसरा भाग आहे. तिकडे मेलेले परत येतात."

"आमच्यात मेलेला फक्त पिंडाला येतो, तो पण कावळा होऊन. कॉफी आधी!"

"बरं. ह्यात यानाचा पंख मोडलाय, त्यात धड आहे."

"मोडका नंतर. वाटेत सुतार कुठला भेटायला?"

"पण हा धूर बघ. अवकाशात हवा नसते, धूर असा वर जाणारच नाही. म्हणजे हे पृथ्वीवरचं..."

"हवा नाय तर पहिल्या भागात इंजिनाचा घरघराट कसा ऐकू आला?"

मास्तरांनी चहाचा कप तोंडाला लावला. पंधरा वर्षांच्या नोकरीत एवढा सरळ प्रश्न एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता, ही त्यांच्यावर देवाची कृपाच म्हणायची.

तीनला खेळ सुरू झाला. रीळ बदललं की काशीराम पडद्याकडे न बघता खाली अंधारात कान लावी. एकदा कुणीतरी खाकरलं, तेवढ्यानं त्यानं कानावरची विडी चाचपली. दोन तास मास्तरांनी घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. पण शिट्टी नाही, बाकं आपटणं नाही. यान मोडलं ते मोडलं, प्रोफेसर वितळला तो वितळला, आणि शेवटी चक्क टाळ्या! खाली आशेनं बसलेला भाचा हात हलवत घरी गेला.

एवढ्यात मुंबईहून रजेवर आलेला धाकू जिना चढून वर आला.

"काशीरामदादा, झकास! मुंबईत बघितला तेव्हा डोकं उठलं होतं. तिकडे तो म्हातारा मधेच वितळतो नि पुढे बसून कॉफी पितो. इथला बरा."

धाकू उतरून गेला. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. दार लोटून ते हळूच म्हणाले, "काशीराम, म्हणजे आपण रिळं चुकीची लावली!"

"आपण नाय मास्तर, त्यांनी सिनेमा चुकीचा काढला."